पावसाळ्यातलं पक्षीनिरीक्षण: उघडीप कशी पकडायची

पक्षी बघायचे ते थंडीत, असं नवख्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. पानं विरळ झालेली असतात, उजेड चांगला असतो, तळ्यांवर उत्तरेकडची बदकं उतरलेली असतात आणि मुख्य म्हणजे दुर्बीण भिजत नाही. पण आपल्याकडचे कितीतरी पक्षी सगळ्यात देखणे आणि सगळ्यात बोलके असतात ते जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, कारण त्यांची वीण याच दिवसांत असते. तिबोटी खंड्या आणि चातक तर येतातच मुळी पावसाच्या आगेमागे. डिसेंबरात कोकणात तिबोटी खंड्या शोधणं म्हणजे जानेवारीत बाजारात जाऊन रायवळ आंबे मागणं.

पद्धत मात्र बदलावी लागते. थंडीत आपण पक्ष्यांच्या मागे चालतो, पावसाळ्यात एक जागा धरून बसायचं असतं. सर आली की बसून राहायचं, थांबली की डोळे-कान उघडे ठेवायचे, पुन्हा आली की पुन्हा बसायचं. दोन सरींमधली ती पंधरा-वीस मिनिटांची उघडीप ज्याला साधली त्याला पावसाळा साधला. खाली जे काही सांगितलंय, छत्रीपासून जळवांपर्यंत, ते सगळं या बसण्यासाठीच आहे.

१. आधी अपेक्षा जुळवून घ्या

पावसाळ्यात यादी लहान होते. थंडीतले पाहुणे, म्हणजे बदकं, तुतवार, धोबी, वटवटे, परत गेलेले असतात आणि ऑगस्टच्या शेवटापासून हळूहळू यायला लागतात. सकाळभरात वीस-पंचवीस जाती दिसल्या तरी उत्तम समजा. आकडे वाढवायचे असतील तर हा हंगाम तुमचा नाही.

त्याबदल्यात मिळतं ते वागणं. थंडीत चिखलाच्या रंगाचा, बांधावर पाय पोटाशी घेऊन बसलेला वंचक तुम्ही शंभरदा पाहिला असेल. जुलैत तोच पक्षी ओळखू येत नाही, पाठीवर गडद मरून झूल चढलेली असते. गायबगळ्याचं डोकं, मान आणि पाठ नारिंगी होते. कमळपक्ष्याला लांबलचक काळी शेपटी फुटते आणि मानेमागे सोनेरी पट्टा येतो. त्याच्यात अंडी उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम नराकडे असतं. मादी एका नराला अंडी देऊन दुसऱ्याकडे निघून जाते.

म्हणून नवख्यांना माझा सल्ला असा, की पहिल्या पावसाळ्यात नवे पक्षी शोधू नका. माहीत असलेलेच पक्षी पावसाळ्यात काय करतात ते बघा. ओळखायची कटकट नसते, त्यामुळे लक्ष सगळं पाहण्यात राहतं.

२. जागा जवळून सुरू करा, घाट शेवटी

पहिली जागा घराजवळची. विहिरीवर वाकलेली बाभूळ, शिंदीचं झाड, ओढ्याकाठची वीजतार, यांवर सुगरणींची वसाहत असेल तर पावसाळाभराची सोय झाली. नर घरटं विणायला घेतो, अर्धवट झालं की पंख फडफडवत माद्यांना बोलावतो, मादी आत शिरून चोचीने ओढून बघते. पसंत पडलं तर नर नळी काढून घरटं पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला राहून हाच प्रकार बारकाईने पाहिला आणि एक नर एकामागून एक घरटी आणि माद्या कशा जोडतो हे जगापुढे मांडलं. त्यांच्या हातात तेव्हा नोकरी नव्हती. घराजवळ वसाहत होती आणि वेळ होता. तुम्हालाही तेवढंच लागतं.

दुसरी जागा भातखाचरं. लावणीच्या दिवसांत नांगरामागे बगळे असतात, बांधाच्या गवतात लाजरी पाणकोंबडी ओरडत असते आणि नशीब असेल तर पाणकोंबडाही मान वर काढतो. इथे एकच पथ्य: बांधावरून चालताना मालकाला विचारा. लावणी चालू असताना चार माणसं कॅमेरे घेऊन खाचराच्या कडेला उभी राहिली की काम करणाऱ्या बायकांना अवघडल्यासारखं होतं. आवण, म्हणजे भाताची कोवळी रोपं, तुडवलं तर शिव्या खाव्या लागतील, आणि त्या रास्त असतील.

तिसरी जागा फारशी कुणी सांगत नाही, ती म्हणजे घाटमाथ्याच्या पूर्वेचे माळ. आंबोलीला वर्षाकाठी साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास, आणि सासवड-सुपे-बारामतीकडे त्याहून कमी. भुरभुर पाऊस, हिरवं झालेलं कुसळी गवत, आणि त्यावर उंच चढून गाणारे चंडोल. चित्रांग तित्तिर एखाद्या दगडावर चढून खरखरीत आवाजात ओरडतो. चातक याच भागात जूनमध्ये दिसायला लागतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, उडताना पंखावर पांढरा ठिपका. तो सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, म्हणून सातभाईंचा थवा कुठे कलकलाट करत असेल तर आजूबाजूला चातक शोधा. ज्यांना मुसळधार पावसाची धास्ती वाटते त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

मग अभयारण्यं. मुंबई-गोवा महामार्गावरचं, १९६८ मध्ये जाहीर झालेलं कर्नाळा लहान आहे, जेमतेम बारा चौरस किलोमीटर, पण नवख्याला ते सोयीचं पडतं. पायवाटा आखलेल्या आहेत, आणि तिबोटी खंड्याचं ते हक्काचं ठिकाण आहे. मुरुडजवळचं फणसाड हे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. तिथली झाडी दाट आणि गर्दी कमी. आंबोली, तिळारी, चोर्ला घाट, गोव्यातलं मोलें या जागा शेवटी. तिथे पाऊस खरा पाऊस असतो, जळवा असतात, धुकं असं उतरतं की समोरचं झाड दिसत नाही. आंबोलीला शनिवार-रविवारी जाऊ नका. धबधब्याखाली गाण्यांच्या तालावर नाचणाऱ्या गर्दीत शीळकरी कस्तूर ऐकू येणार नाही. अभयारण्याचे फाटक आणि धबधब्यांच्या वाटा पावसाळ्यात कधीकधी बंद ठेवतात, निघायच्या आधी वन खात्याच्या कार्यालयात फोन करून विचारा.

३. निघायचं की नाही

हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढच्या पावसाला मुसळधार म्हणतं, ११५.६ च्या पुढे अति मुसळधार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार. जिल्हावार इशारे रंगांत येतात. पिवळा असेल तर सपाटीवर जायला हरकत नाही, घाटात जपून. नारिंगी असेल तर घाट रद्द. लाल असेल तर घरात बसून यादी नीट करा. यात वाटाघाटी करू नका, सुट्टी मिळाली आहे हे काही कारण नव्हे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. आपण पक्षी बघायला जातो ते रस्ते याच डोंगरांतून जातात.

सलग तीन-चार दिवस झोडपून मग उघडीप झाली असेल तर पक्ष्यांच्या दृष्टीने दिवस फार चांगला असतो. भुकेलेले पक्षी दिवसभर बाहेर राहतात. पण डोंगर तेव्हाच पाणी पिऊन जड झालेला असतो, म्हणून अशा दिवशी सपाटीवरची जागा निवडा.

ओढ्याजवळ बसला असाल तर पाण्याचा रंग बघत राहा. तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही वर डोंगरात पडत असतो. नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं, त्यात पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, की दुर्बीण उचलून वर यायचं. लोंढा येतो तेव्हा विचार करायला वेळ देत नाही. जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरात विजा जास्त असतात, माळावर एकट्या झाडाखाली थांबू नका. घाटात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून कुठे जातोय आणि कधी परतणार हे घरी सांगून निघा.

४. अंगावर काय, पिशवीत काय

छत्री घ्या. पक्षीनिरीक्षकांना छत्रीची लाज का वाटते कुणास ठाऊक! रेनकोटात टोपी कानांवर येते, ऐकू कमी येतं, हात हलवला की कापड सळसळतं, आणि आत घामाने भिजायचं ते वेगळंच. बसून बघायचं असेल तर मोठी, काळी, लांब दांड्याची छत्री सगळ्यात उत्तम. दांडा खांद्यावर टेकवला की दोन्ही हात मोकळे. चालताना रेनकोट, बसल्यावर छत्री, असं धरून चला. रेनकोट भडक पिवळा किंवा केशरी नको. कोकणात पूर्वी लावणीला इरलं घेत, पाठीवरून गुडघ्यापर्यंत झाकणारं आणि हात मोकळे ठेवणारं. तेच तत्त्व.

जीन्स घालू नका. भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. पटकन वाळणारी पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मळकट रंगाचे. पायात चिखलासाठी गमबूट किंवा कोकणात बाजारात मिळतात ते प्लास्टिकचे पावसाळी बूट. घाटात चढ-उतार असेल तर चांगल्या पकडीचे बूट. जांभ्याच्या कातळावर शेवाळ धरलेलं असतं तिथे कुठल्याच बुटाची खात्री देता येत नाही, तिथे सावकाश. मोज्यांचा एक कोरडा जोड, एक पंचा, फोनसाठी घट्ट बंद होणारी पिशवी, टॉर्च, पाणी, गूळ-शेंगदाणे. बसायला प्लास्टिकचा जाड तुकडा. नोंदवही आणि शिसपेन्सिल. शाईचं पेन आणू नका, पहिल्या सरीत पान निळं होतं.

५. दुर्बीण आणि बुरशी

पावसाळ्यातलं जंगल अंधारलेलं असतं. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं त्यात ८ म्हणजे किती पट मोठं दिसेल आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतं, तेवढ्या रुंदीचा उजेडाचा झोत तुमच्या डोळ्यापर्यंत पोचतो. खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये तो अडीचच मिलिमीटर असतो. उन्हात फरक कळत नाही, जुलैतल्या झाडीत मात्र एकीतून नवरंग पक्षी दिसतो आणि दुसरीतून नुसता काळा ठिपका. घ्यायचीच असेल तर ८×४२, पाणी न शिरणारी, आतून नायट्रोजन भरलेली घ्या, म्हणजे आतल्या बाजूने वाफ धरत नाही. पहिल्या पावसाळ्यात कुणाची तरी उसनी मागितली तरी चालेल, फक्त पुढचा परिच्छेद वाचून मगच परत करा.

भिंगांचा खरा शत्रू बुरशी. भिजलेली दुर्बीण तिच्या चामड्याच्या किंवा फोमच्या डबीत बंद करून कपाटात ठेवली की आठवड्या-दोन आठवड्यांत भिंगावर कोळिष्टकासारखी जाळी धरते आणि मग दुरुस्तीवाल्याकडे जावं लागतं. घरी आल्यावर आधी मऊ कापडाने पुसा, पंख्याखाली तासभर उघडी ठेवा, मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. रंग बदलणारे खडे असतील तर रंग उतरला की स्वयंपाकात न वापरायच्या भांड्यात मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. आणि गाडीतला एसी पोचायच्या अर्धा तास आधी बंद करा. थंड भिंग दमट हवेत आलं की त्यावर वाफ धरते आणि नेमका तेव्हाच पक्षी समोर बसलेला असतो.

६. उघडीप पकडणे

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. पाठीमागे आडोसा हवा, समोर मोकळं हवं आणि समोरच्या मोकळ्या जागेला झाडीची कड हवी. ओढ्यावरचा साकव, देवराईची सीमा, रस्त्याला वळण घेणारी दरडीची भिंत, शेतातल्या मांगराची, म्हणजे शेतघराची, ओसरी, या उत्तम जागा. ओसरी असेल तर मालकाला विचारून बसा, बहुधा चहाही मिळतो.

वेळेचा बाऊ करू नका. थंडीत सहाला हजर राहावं लागतं, कारण उन्हं चढली की पक्षी गप्प होतात. पावसाळ्यात ढगांमुळे ऊन चढतच नाही. जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवला तरी झाडीत सातपर्यंत अंधारच असतो, आणि सकाळी अकराला किंवा दुपारी तीनलाही पक्षी तितकेच कामात असतात. म्हणून घड्याळापेक्षा आभाळाकडे बघा.

सर थांबली की लगेच उठू नका. पक्षी एका क्रमाने बाहेर येतात, तो क्रम बघण्यासारखा असतो. झाडांवरून पाणी ठिबकत असतं, त्याच्या आवाजात आधी काहीच कळत नाही. मग बुलबुल एखाद्या शेंड्यावर येऊन अंग झाडतात, पंख पसरून पिसं नीट करतात. कोतवाल उघड्या फांदीवर बसून हवेतले किडे टिपायला सुरुवात करतो. शिंपी आणि नाचण खालच्या झुडपांत बोलायला लागतात. जमिनीवरचे, म्हणजे नवरंग, नारिंगी डोक्याचा कस्तूर, पाचू कवडा, सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात गुपचूप उघड्यावर येतात, पायवाटेच्या कडेला. तुम्ही उठून चालायला लागलात तर आधीची मंडळी दिसतील, ही शेवटची कधीच दिसणार नाहीत.

जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसानंतर संध्याकाळी वारुळांतून पंख फुटलेल्या वाळव्या उडतात. ते दिसलं की कुठेही जाऊ नका. कोतवाल, बुलबुल, साळुंक्या, कावळे, वर घिरट्या घालणाऱ्या घारीसुद्धा, सगळे एकाच ठिकाणी जमतात आणि अर्ध्या तासात पंखांचा खच पडलेला असतो. नवख्याला एका जागी इतके पक्षी इतक्या जवळून पावसाळ्यात दुसऱ्या कशानेही दिसत नाहीत.

आता तिबोटी खंड्या, कारण त्याच्यासाठीच बहुतेकजण येतात. वजन पंधरा-वीस ग्रॅम, लांबी चोचीसकट जेमतेम तेरा सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहूनही लहान. नारिंगी, जांभळा, निळा, पिवळा असे रंग असूनही तो सावलीत सहज हरवतो. उंच बघू नका, गुडघ्याच्या उंचीवर बघा: ओढ्यावर वाकलेली वेल, उघडं पडलेलं मूळ, बारीक काटकी. आधी आवाज येतो, बारीक, धारदार 'चीं-चीं', बहुधा उडतानाच. तो आवाज आला की हलू नका, ज्या दिशेने गेला तिकडे फक्त डोळे वळवा. बसल्यावर तो डोकं वर-खाली करतो, त्या हालचालीने सापडतो. खेकड्याचं पिल्लू, बेडूक, सापसुरळी, कोळी, काहीही पकडतो आणि फांदीवर आपटून आपटून मऊ करतो. चोचीत भक्ष्य कसं धरलंय ते नीट बघा. डोकं आतल्या बाजूला, त्याच्या घशाकडे असेल तर तो स्वतः गिळणार. डोकं बाहेरच्या बाजूला असेल तर ते पिल्लाच्या तोंडात भरवायचं आहे, म्हणजे जवळपास दरडीत त्याचं बीळ आहे आणि तुम्ही मागे सरकायची वेळ झाली.

७. कानांनी सुरुवात करा

हिरवळ इतकी दाट असते की अर्धे पक्षी फक्त ऐकूच येतात. सगळे आवाज एकदम पाठ करायला जाऊ नका, पाच पुरेत. पावशाचं चढत जाणारं 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' शेतकऱ्यांच्या घरात लहान मुलालाही माहीत असतं, पेरणीच्या दिवसांत तो रात्रीही थांबत नाही. भारद्वाजाचं खोल, घुमणारं 'कूप-कूप'. नवरंगाची दोन सुरांची स्पष्ट शीळ, पहाटे आणि दिवेलागणीला. मलबारी राखी धनेशाचं खिदळणं, जे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला माणसाचं वाटतं. आणि शीळकरी कस्तूर. हा धबधब्याच्या आवाजातही ऐकू येतो. चाल अर्धवट येत असलेल्या मुलाने रमतगमत घरी जाताना शीळ घालावी तशी ती असते, सुरू कुठे होईल आणि संपेल कुठे याचा नेम नाही.

मर्लिनसारखी ॲप आवाजावरून नाव सुचवतात, पण पावसाचा आणि बेडकांचा आवाज मिसळला की भलतंच सांगतात. सुचवलेलं नाव धरून पक्षी दिसेपर्यंत यादीत टाकू नका. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं तर विणीच्या दिवसांत पूर्ण वर्ज्य. नराला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला, तो पिल्लांचा चारा सोडून भांडायला येतो.

८. घरट्यापासून लांब

इथे मी सौम्यपणे लिहिणार नाही. पावसाळ्यातल्या पक्षीनिरीक्षणाची बदनामी झाली आहे ती घरट्यांवरच्या फोटोंमुळे. तिबोटीच्या बिळासमोर दहा-दहा कॅमेरे लावून बसणं, आड येणाऱ्या फांद्या छाटणं, जागेचा पत्ता पैसे घेऊन सांगणं, हे सगळं होतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. म्हणजे कायद्याच्या लेखी ती शिकारच.

ओळखायची खूण सोपी आहे. पक्षी चोचीत चारा घेऊन बसलाय, इकडे-तिकडे उडतोय, ओरडतोय, पण घरट्यात जात नाही. तो तुमच्यामुळे जात नाही. मागे व्हा, तो जाईपर्यंत मागे होत राहा, आणि मग तिथेही थांबू नका. दरडीतल्या बिळाच्या वरच्या अंगाने चालू नका, ओली माती खचते. स्वर्गीय नर्तकाचं घरटं हाताला लागेल इतकं खाली असतं, ते दिसलं म्हणून पान बाजूला सारू नका. ते पान पावसापासून आणि कावळ्यापासून त्याला झाकत असतं. घरट्याची जागा समूहावर टाकू नका, फोटोत जागा ओळखू येईल असं काही ठेवू नका.

तिबोटी खंड्या जूनच्या सुरुवातीला कोकणात उतरतो तेव्हा थकलेला असतो आणि कधीकधी घरांच्या काचांवर आदळतो. असा पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी घालू नका. बहुतेक वेळा तासा-दोन तासांत सावरतो, मग झाडीजवळ खोकं उघडा. सावरला नाही किंवा पंख लोंबत असेल तर वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

९. जळवा, साप, चिखल

जळवांचा त्रास दक्षिणेकडच्या आणि घाटमाथ्यावरच्या दाट जंगलात. घट्ट विणीच्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे मिळतात, ते नेहमीच्या मोज्यावर आणि बुटाच्या आत घालायचे. गाववाले मोज्यावर तंबाखूचं पाणी किंवा मीठ चोळतात, तेही चालतं, पावसात पुन्हा चोळावं लागतं इतकंच. जळू चिकटली तर ओढू नका. निमुळत्या टोकाशी, जिथे तोंड असतं तिथे, नख सपाट धरून कडेने सरकवा. अंगाला चिकटलेल्या जळूवर मीठ टाकलं तर ती पोटातलं जखमेत ओकते. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं हिरुडिन असतं. घाबरायचं कारण नाही, धुऊन पट्टी लावा.

सापांबद्दल एकच सवय लावून घ्या: हात टेकण्याआधी बघा. आंबोलीतला मलबारी चापडा झुडपावर, कठड्यावर, कमरेच्या उंचीवर तासन्‌तास न हलता बसतो आणि पानात मिसळून जातो. जांभ्याच्या दगडांखाली फुरसं असतं, म्हणून बसण्यासाठी दगड उलटवू नका. संध्याकाळ झाली की टॉर्च पायापुढे. चावलाच तर चिरणं, बांधणं, मांत्रिक काही नको. अवयव न हलवता १०८ ला फोन आणि सरळ ग्रामीण रुग्णालय.

पायाला जखम असेल तर भातखाचरात उतरू नका, कोकणात पावसाळ्यात लेप्टोचे, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे, रुग्ण दरवर्षी असतात. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना चिखलात गेल्याचं आवर्जून सांगा.

१०. परतल्यावर

त्याच रात्री यादी भरा, दुसऱ्या दिवसावर ढकलली की पाऊस किती वाजता थांबला ते आठवत नाही. ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर पावसाळ्यातल्या याद्या थंडीच्या मानाने कमी येतात, त्यामुळे तुमच्या अंगणातल्या पंधरा मिनिटांच्या नोंदीलाही किंमत आहे. जातींच्या नावांबरोबर कोण काय करत होतं ते लिहा: काडी नेत होता, पिल्लाला भरवत होता, नुसता ओरडत होता. पाऊस होता की उघडीप होती, तेही. तिबोटी किंवा नवरंगाचं घरटं दिसलं असेल तर जागा नेमकी न टाकता गावाचं नाव पुरे.

बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा, सकाळी बदला, दोन दिवसांत वाळतात. छत्री उघडी करून गॅलरीत. जळूमोजे गरम पाण्यात, कारण एखादी शिवणीत दडून घरापर्यंत आलेली असते. दुर्बीण डब्यात गेली का ते झोपण्याआधी एकदा बघा.